दोन टाक्या, एक काटा

स्कूबा डाइव्हिंगमध्ये जरा हात बसला की पाठीवरची एक टाकी अपुरी वाटू लागते. ब्रिटनमध्ये ही ओढ जास्तच. इथलं पाणी गार आणि अंधारं, आणि बघण्यासारखी बुडालेली जहाजं खोलात. स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमध्ये 21 जून 1919 रोजी जर्मन आरमाराने आपलीच जहाजं बुडवली. त्यातल्या मोठ्या युद्धनौका 40 मीटरच्या आसपास पडलेल्या आहेत. तिकडे जायचा विषय निघाला की क्लबात जो तो सांगतो, ‘ट्विनसेट घे.’ माझंही मत तेच आहे. पण टाक्या दोन झाल्या म्हणजे धोका निम्मा झाला, असं धरून चालू नका. हवा दुप्पट होते, तशा लक्ष ठेवायच्या जागाही वाढतात.

रचना आधी नीट समजून घ्या. पोलादी पट्ट्यांनी शेजारी शेजारी आवळलेल्या दोन टाक्या, प्रत्येकीवर एक व्हॉल्व्ह आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर, टाक्यांना वरून जोडणारी मॅनिफोल्डची नळी आणि त्या नळीच्या मधोमध आयसोलेटर नावाचा व्हॉल्व्ह. आयसोलेटर उघडा असेल तर दोन्ही टाक्यांतली हवा एक होते. मग उजव्या रेग्युलेटरने दगा दिला तर तेवढा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि डाव्या रेग्युलेटरमधून सगळी हवा वापरत वर यायचं. मॅनिफोल्डच गळू लागला तर आयसोलेटर बंद करून निदान अर्धी हवा वाचवायची. सर्वसाधारण मांडणीत आपण श्वास घेतो तो उजव्या बाजूने, आणि प्रेशर गेज असतो डाव्या बाजूला. गेज एकच. पुढचा सगळा प्रकार या एका गोष्टीमुळे घडला.

लेस्टरजवळच्या स्टोनी कोव्ह या जुन्या दगडखाणीत आम्ही सरावाला गेलो होतो. माझी जोडीदार ट्विनसेट भरून घेऊन आली होती, दुसऱ्या गावातल्या दुकानातून. गेजवर 220 बार. दोन्ही रेग्युलेटर तोंडात धरून पाहिले, श्वास मोकळा येत होता. सहा मीटरच्या पायरीवर थोडं थांबलो, मग वीस मीटरवरच्या स्टेनगार्थ या टगबोटीकडे उतरलो. पाणी इतकं गार की हातमोज्यातही बोटं आखडत होती. मी हवा विचारली, तिने 210 दाखवले. मला ते खटकलं नाही, कारण गार पाण्यात टाकी थंड झाली की दाब आपोआप दहाएक बारने उतरतो. काटा थोडासा हलला होता, आणि त्या थोड्याशा हलण्यानेच आम्ही दोघं निर्धास्त राहिलो.

टगच्या नाकाशी तिने एकदम माझ्याकडे वळून हात हलवला. श्वास जड येत होता. गेज अजूनही 210. तिने गळ्यातला दुसरा रेग्युलेटर तोंडात घेतला आणि तिचे खांदे सैल पडलेले मला दिसले. मी मागे गेलो, आयसोलेटरवर बोटं ठेवली. पूर्ण बंद. तो उघडायला लागलो तशी डोक्यामागून सूं करून हवा एका टाकीतून दुसरीत धावल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. पुढे येऊन बघतो तो काटा 210 वरून घसरत 105 च्या जवळ येऊन थांबला. डाइव्ह तिथेच संपवली. सहा मीटरवर थांबा घेऊन वर आलो.

झालं होतं ते असं. दुकानात गळती तपासताना आयसोलेटर बंद केला गेला आणि उघडायचा राहिला. भरण्याची नळी डाव्या बाजूला लावली, म्हणून डावी टाकी भरली आणि उजवीत आधीची साठएक बार हवा तशीच राहिली. साठ बारवरही रेग्युलेटर 220 बारइतकाच मोकळा श्वास देतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या तपासणीत काही कळायला मार्गच नव्हता. साठ बार म्हणजे बारा लिटरच्या टाकीत 720 लिटर. मिनिटाला वीस लिटरचा श्वास वीस मीटर खोलीवर तिप्पट होतो, साठ लिटर. म्हणजे गेजवर टाक्या जवळजवळ भरलेल्या दिसत असताना उजव्या बाजूला तिच्याकडे पाव तासाचीही हवा नव्हती.

म्हणून आयसोलेटर उघडा आहे की नाही, हे डोळ्यांनी किंवा कुणाच्या शब्दावर ठरवू नका. टाक्या भरून आल्या की हाताने फिरवून बघा, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी ट्विनसेट पाठीवर असताना पुन्हा. मी दुकानदाराला उजव्या बाजूनेच भरायला सांगतो. मग आयसोलेटर चुकून बंद राहिला तर डाव्या गेजवर कमी दाब दिसतो आणि गोष्ट जमिनीवरच उघडकीला येते. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, भरत असाल तर ऑक्सिजन दोन्ही बाजूंनी मोजा. भरताना आयसोलेटर बंद राहिला तर दोन टाक्यांत दोन वेगळी मिश्रणं असतात. 32 टक्के समजून 50 टक्के ओढत तीस मीटरवर गेलात तर जास्त ऑक्सिजनमुळे पाण्याखाली आकडीचा झटका येऊ शकतो, आणि त्यातून माणूस क्वचितच वाचतो. पाण्यात गेल्यावर आपण किती हवा वापरायला हवी होती याचा अंदाज मनात ठेवा. काटा अपेक्षेपेक्षा मागे राहिला तर खूश होऊ नका, हात मागे न्या.

हात मागे जायला मात्र हवा. माझ्या मते ट्विनसेट घेणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ यावर घालवावा, आणि नेमका यावरच कुणी घालवत नाही. पट्टे सैल करून टाक्या वर-खाली सरकवता येतात. टाक्या फार खाली असतील तर बोटं व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाहीत, फार वर असतील तर डोकं मॅनिफोल्डवर आपटतं आणि समोर बघता येत नाही. घरी टी-शर्टवर हात पोचला याला काही अर्थ नाही. ड्रायसूट, आतले जाड कपडे, हातमोजे, सगळं चढवून पाहा. पोचत नसेल तर आधी हार्नेस खांद्यावर थोडा सैल करा, मग टाक्या बोटभर वर घ्या आणि पुन्हा पाण्यात जाऊन बघा. पाच-सहा मीटरवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, तिन्ही व्हॉल्व्ह न बघता बंद करून उघडता येईपर्यंत खोल जाण्याचं नाव काढू नका. गारठ्याने रेग्युलेटर गोठून हवा धो-धो सुटली की विचार करायला वेळ नसतो.

कुठली नळी कुठे, हेही ठरलेलं असतं. लांब होजचा मुख्य रेग्युलेटर आणि विंगची, म्हणजे तरंगण्यासाठी पाठीवर असलेल्या फुग्याची, हवा उजवीकडे. गळ्यातला रेग्युलेटर, गेज आणि ड्रायसूटची हवा डावीकडे. यामागे कारण आहे. छताला किंवा जहाजाच्या तुळईला घासत पुढे गेलं की डाव्या व्हॉल्व्हची मूठ बंद होण्याच्या दिशेने फिरते, उजवी उघडण्याच्या. म्हणून ज्यातून आपण श्वास घेतो आणि गरज पडली तर जोडीदाराला देतो तो रेग्युलेटर उजवीकडे. कुठेही घासलात की डावी मूठ चाचपून बघायची.

वजनाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. बारा लिटरच्या भरलेल्या दोन पोलादी टाक्या आणि बाकी सरंजाम मिळून चाळीसएक किलो होतात, आणि त्यातलं पाण्यात टाकून देता येण्यासारखं काहीच नसतं. ड्रायसूटमध्ये हे चालतं, कारण विंग फाटली तर सूटमध्ये हवा भरून वर येता येतं. जाड वेटसूटवर मात्र पोलादी ट्विनसेट कधीही बांधू नका. तीस मीटरवर वेटसूट दबून त्याची तरंगण्याची ताकद बरीचशी जाते, आणि विंगने साथ सोडली तर नुसते पाय मारून वर येणं अशक्य होऊन बसतं. दुसऱ्या टोकालाही बघा: दोन्ही टाक्यांतल्या 4800 लिटर हवेचं वजन पावणेसहा किलोच्या घरात जातं. डाइव्ह संपताना त्यातल्या बऱ्याचशा वजनाने तुम्ही हलके झालेले असता, आणि नेमका तेव्हाच थांब्यावर स्थिर राहायचं असतं. म्हणून वजनाची चाचणी टाक्या पन्नास बारवर आणून, विंग रिकामी करून, तीन मीटरवर घ्या.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, तारकर्लीला किंवा अंदमानला घेऊन जाऊ का? कशाला? तिथल्या कोमट, उथळ पाण्यातल्या डाइव्हला अकरा लिटरची एक ॲल्युमिनियमची टाकी आणि जवळ राहणारा जोडीदार पुरतो. ट्विनसेट लागतो तो खोलीसाठी, वर येतानाच्या थांब्यांसाठी आणि गार पाण्यासाठी. इथे ब्रिटनमध्ये जुना घेत असाल तर टाकीच्या गळ्यावरचा शिक्का वाचा: दर अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी व्हायला हवी. दोन्ही टाक्यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून दोन्ही वाचा. विकणाऱ्याला आयसोलेटर तुमच्यासमोर पूर्ण बंद करून पूर्ण उघडायला लावा. मूठ अडकत किंवा खरखरत असेल तर सर्व्हिसिंगचे पैसे किमतीतून कापून घ्या, आणि ते काम झाल्याशिवाय तो सेट पाण्यात नेऊ नका.