चुरगळलेले पिवळे कागद

सांगोला,
शनिवार, रात्री

चि. बाळ्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. पण फोनवर मामाला दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसता येतं, पत्राला ती सोय नाही.

गेल्या आठवडी बाजारात तुझा बारावीचा सोबती भेटला. म्हणाला, "बाळ्या एम.ए. सोडतोय की मामा. सायकॉलॉजीत काय राम राहिला नाही म्हणतोय." इथवर मामाने ऐकून घेतलं. पुढे तो म्हणाला की चार पोरांत बसून तू आपल्या इथल्या सरांची नक्कल करून टिंगल केलीस. सरांनी तीन वर्षं पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवल्या, शिकवलं काहीच नाही, असं म्हणालास म्हणे. खरं-खोटं तुझं तुला ठाऊक. बाजारातली बातमी मेथीच्या जुडीसारखी असते, घरी नेऊन निवडली की निम्मी उरते, एवढं मामालाही कळतं.

पण सरांना मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणून तीन आठवडे झाले आणि तुझा फोन नाही, ही बातमी बाजारातली नाही. मामा स्वतः जाऊन आलाय. "बसा" म्हणायच्या आधी सरांनी विचारलं, "आपला पोरगा काय म्हणतोय पुण्यात?" परीक्षा चाललीय, असं मामाने सांगून टाकलं. सत्तरीत खोटं बोलायची वेळ आणलीस. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून सुटली, ती थेट पश्चिम बंगालात शालिमारला गेली. सांगोल्याचं डाळिंब बंगालात पोचतं आणि तुझा फोन पुण्याहून सांगोल्यात पोचत नाही, याला काय म्हणावं?

रागवायचं अजून बाकी आहे. त्याआधी नोट्सवाल्या एका प्राध्यापकांची गोष्ट ऐक.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई नावाचे प्राध्यापक होते. रटाळपणात ते तुझ्या सरांच्या वरताण. आयर्विन एडमन नावाचा त्यांचा एक विद्यार्थी पुढे तिथेच तत्त्वज्ञान शिकवू लागला, त्याने त्या तासांचं वर्णन लिहून ठेवलंय. ड्युई येऊन टेबलाशी बसत. चुरगळलेले चार पिवळे कागद चाळत, नाहीतर खिडकीबाहेर बघत राहत. केस विस्कटलेले, टाय वाकडा. एकेक शब्द सावकाश यायचा, मध्येच लांबलचक थांबा. ज्यांची पुस्तकं वाचून आपण इथवर आलो ते हेच का, असं एडमनला पहिल्या तासाला वाटलं. मग त्याने वर्गात घेतलेली स्वतःची टिपणं निवांत वाचली. विस्कळीत वाटलेलं सगळं एका दोऱ्यात ओवलेलं निघालं. समोर बसून आपण एका माणसाला विचार करताना ऐकत होतो, हे त्याला तेव्हा उमगलं.

बाळ्या, कागद तिथेही पिवळेच होते.

ड्युईंना जग तत्त्वज्ञ म्हणतं, पण माणूस मुळात तुझ्या विषयातला. जन्म १८५९ चा, अमेरिकेतल्या बर्लिंग्टन गावचा. आधी काही वर्षं शाळामास्तर होते. मग १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीएच.डी., प्रबंध कांटच्या मानसशास्त्रावर. १८८७ साली 'सायकॉलॉजी' नावाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १८९९ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. १८९६ चा त्यांचा 'रिफ्लेक्स आर्क'वरचा लेख तुला वाचायला असेलच, आणि पुस्तक नीट उघडलं असशील तर मेणबत्तीकडे हात नेणारं मूल आठवेल. ज्योत दिसली, हात गेला, चटका बसला, हात मागे आला, असे तुकडे पाडून माणूस समजत नाही, असं ड्युईंचं म्हणणं. चटका बसलेल्या पोराला पुढच्या वेळी दिसणारी ज्योत आधीसारखी उरलेलीच नसते. त्याचं बघणंच बदलून जातं. मामाला मानसशास्त्रातलं फार कळत नाही, पण हे कळलं, कारण बदललेली ज्योत मामाने पाहिलेली आहे. ते पुढे येईल.

त्याच १८९६ साली ड्युईंनी शिकागोत लहान मुलांची प्रयोगशाळा काढली, म्हणजे शाळाच. मुलं तिथे विणायची, सुतारकाम करायची, स्वयंपाक करायची आणि त्यातून गणित नि विज्ञान शिकायची. या शाळेसाठी बाकं शोधत ते दुकानं पालथी घालत होते. एकाही दुकानात मनासारखं बाक मिळेना. शेवटी एक दुकानदार, इतरांपेक्षा डोक्याने तल्लख, म्हणाला की तुम्हाला मुलांनी काम करावं अशी बाकं हवीत, आमच्याकडची सगळी ऐकून घेण्यासाठी बनवलेली आहेत. ही गोष्ट सरांना सांगितली तेव्हा ते खोकला येईपर्यंत हसले. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात त्यांनी तुला आरशात बघून चांदणी काढायला लावली होती, आठवतंय? पेन्सिल भलतीकडेच जायची. त्या रात्री घरी अक्काच्या हातात पेन्सिल देऊन तू तिलाही ती चांदणी काढायला लावलीस, आणि दाजी जेवायचे थांबून बघत बसले. नुसत्या नोट्स वाचणाऱ्या मास्तरांचा पोरगा घरी येऊन असले उद्योग करत नाही.

फोन का केला नाहीस?

आता ड्युईंच्या वर्गातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याकडे ये. १९१३ च्या जुलैमध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. सुरुवातीचे दिवस त्यांचेही मित्रांबरोबर हिंडण्यात गेले, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेलं नाही. मग एका रात्री मनाशी हिशेब झाला, आणि पुढे अभ्यास असा की दिवसाचे अठरा-अठरा तास. पदव्या अर्थशास्त्राच्या, पण जाऊन बसायचे ड्युईंच्या वर्गात. ज्या वर्गांना ते बसले त्यातल्या एकाच्या नावातच मानसशास्त्र होतं. ड्युईंच्या तोंडचा शब्दन् शब्द ते उतरवून घेत. उद्या ड्युई अचानक गेले तर त्यांचं प्रत्येक व्याख्यान मी जसंच्या तसं उभं करीन, असं ते मित्रांना म्हणत, असं सांगतात.

नुसती टिपणंच नाहीत. माईसाहेब आंबेडकर सांगत की तीस वर्षांनंतरही बाबासाहेब ड्युईंच्या वर्गातल्या लकबींची नक्कल मोठ्या आनंदाने करून दाखवत. घटना लिहिलेला माणूस घरात बायकोपुढे आपल्या म्हाताऱ्या मास्तरांसारखा थांबून थांबून बोलतोय, हे चित्र मामाला फार आवडतं. नक्कल तूही केलीस. फरक कशात आहे ते तुला पत्रात लिहून सांगायची गरज नाही.

आणि बाबासाहेब काही ड्युईंचा पोपट झाले नाहीत. १९३६ साली लाहोरच्या मंडळाने रद्द केलेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं, तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात त्यांनी ड्युई आपले गुरू होते आणि आपण त्यांचं फार देणं लागतो, असं उघड लिहिलं. समाजाने पूर्वजांकडून आलेलं सगळंच्या सगळं पुढे न्यायचं नसतं, त्यातलं निवडायचं असतं, हा ड्युईंचा विचार त्यांनी घेतला आणि थेट जातीवर लावला. अमेरिकेतल्या शाळांसाठी मांडलेली गोष्ट त्यांनी आपल्या गावकुसापर्यंत आणली. ड्युईंनी ती इथे अशी लावली नसती, त्यांना इथलं ठाऊकच कुठे होतं? मास्तरांकडून घ्यायचं ते असं.

म्हणून आता मामा जे लिहितोय ते नीट वाच. एम.ए. सोडायचं असेल तर सोड. बाबासाहेब ड्युईंच्या वर्गात बसून ना तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले ना मानसशास्त्राचे. सरांचं शिकवणं तुला पटलं नसेल तर तेही चालेल. तेल्या रोगाचा पहिला ठिपका दिसला म्हणून कोणी डाळिंबाची बाग उपटत नाही, एवढं फक्त लक्षात ठेव. आणि उपटायचीच ठरली तर ज्याने कलमं दिली त्याला सांगून उपट. फोन का केला नाहीस, हा प्रश्न एवढ्यासाठीच आहे.

बाबासाहेबांच्या गोष्टीचा शेवट अजून सांगितलेला नाही. १९५२ च्या ५ जूनला कोलंबिया विद्यापीठ त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देणार होतं. वय एकसष्ट, तब्येत खालावलेली, तरी ते निघाले. ड्युई ब्याण्णव वर्षांचे, न्यूयॉर्कमध्येच राहत होते. बाबासाहेबांना त्यांना भेटायची आस होती. ड्युई १ जूनला गेले. बाबासाहेबांचं विमान तेव्हा वाटेत होतं, रोमपर्यंत पोचलेलं. न्यूयॉर्कहून त्यांनी माईसाहेबांना पत्र लिहिलं, त्यात पदवीच्या सोहळ्याआधी हे दुःख आहे: भेटायचं होतं, ते गेले, आपलं सगळं बौद्धिक आयुष्य त्यांचं देणं आहे.

ज्यांची व्याख्यानं तोंडपाठ होती त्यांची भेट थोड्या दिवसांनी हुकली.

तुझ्या मामाची हुकली ती महिन्यांनी. हे अक्कालाही माहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात मामा सोलापुरात कॉलेजला होता. इकडे आजोबा खडी फोडायला जात होते आणि घरात सुकडी शिजत होती. परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख आली. वर्गात तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवणारे एक सर होते, आवाज बारीक, मागच्या बाकांपर्यंत पोचायचा नाही, पोरं मागे बसून बोरं खायची. मामाही खायचा. त्या सरांनी फी भरली आणि पावती मामाच्या वहीत ठेवली. बोलले काही नाहीत.

पैसे परत द्यायला जायचं होतं. नोकरी लागली तेव्हा वाटलं, पहिला पगार घरी द्यावा. मग विहीर काढली, मग बदली झाली, मग आणखी काहीतरी. खरं कारण लिहितो. तोंड दाखवायची लाज वाटायची. सरांना वाटलं असेल पोरगा मोठा कोणी होईल, आणि मामा झाला तालुक्याचा शाळामास्तर. काहीतरी दाखवण्यासारखं घेऊन जाऊ, असं म्हणत वीस वर्षं काढली. शेवटी गणेश जातीची पहिली बाग धरली, हस्त बहाराची तोडणी झाली, तेव्हा निवडून एक पेटी भरली आणि सोलापूरची एसटी धरली. घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर दिवाळीतच गेले की. तुम्ही कोण?" मामाला उत्तर देता आलं नाही. पेटी परत आणायची तरी कशी, ती त्या बाईंनाच देऊन आला. त्या दिवसापासून डाळिंबाची भरलेली पेटी मामाला पूर्वीसारखी दिसत नाही.

तुझा राग आलाय खरा, पण हे लिहिता लिहिता मामाच्या वेगळंच ध्यानात आलं. सरांची टिंगल करण्याइतका तू वाईट नाहीस. मागच्या सत्रात तुझे दोन पेपर राहिले, हे मामाला मार्चमध्येच कळलंय. दाजींनाही. कोणी काही बोललं नाही, कारण तू सांगशील अशी वाट बघत होतो. सरांना तोंड दाखवायची लाज वाटतेय ना? लाजलेला माणूस आधी समोरच्यालाच लहान करतो, म्हणजे जायची गरज उरत नाही. मामाने वीस वर्षं तेच केलं, बोरं खाल्लेलीच गोष्ट लोकांना हसून सांगितली, पावतीची कधी सांगितली नाही.

पेपर राहिले तर राहिले. पुढच्या वेळी देशील, नाही दिलेस तरी घरची बाग आहे, अक्का आहे, मामा आहे. तुला तिथे जेवण नीट मिळतंय का? अक्काने शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या बांधून ठेवल्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते म्हणत होती. मामाने नको म्हणून सांगितलं. तूच ये, तूच ने.

फोनसुद्धा करू नकोस आता, सरांना फोनवर नीट ऐकू येत नाही. सरळ ये. संध्याकाळी पाचनंतर ते ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या उजव्या बाजूला बस, डावा कान पूर्ण गेलाय.

तुझा,
मामा