नको म्हणायचं, पण नीट!

सुट्टीत मी रूममेटकडे तंजावरला गेले होते. 1855 पर्यंत तिथे भोसल्यांचं राज्य होतं, पण माझं मराठी कामी येईना! तिच्या आईंनी चौथी इडली वाढायला घेतली. मला येणारा एकच शब्द मी फेकला, "वेंडाम!" त्यांचा हात तिथेच थांबला. रूममेट कुजबुजली, "अगं, वेंडांग म्हण!"

तमिळमध्ये 'वेंडुम' म्हणजे हवं, 'वेंडाम' म्हणजे नको. आपल्या 'नको'सारखीच याची दोन कामं. 'पोग वेंडाम' म्हणजे जाऊ नको. मोठ्यांशी बोलताना आपण 'जाऊ नका' म्हणतो, तसं ते शेवटी 'ंग' लावतात.

लक्षात ठेवा:
1. वेंडांग – नको हो.
2. पोदुंग – पुरे हो. (जेवताना हेच बरं.)
3. तेवै इल्लैंग – त्याची गरज नाही हो.
4. परवायिल्लैंग – असू द्या हो. (यातली 'परवा' आपल्याही ओळखीची!)

आमच्या माळशिरसला आजीला नुसतं 'नको' म्हटलं की ती रुसते, 'राहू दे गं आजी' म्हटलं की हसते. तिथेही तसंच. निघताना अम्मा माझी बॅग उचलायला आल्या. मी म्हटलं, "परवायिल्लैंग, अम्मा." त्या हसल्या, आणि डब्यात आणखी चार इडल्या भरल्या!