एक कोलन कमी

आषाढात पाऊस लागला की वेल्ह्यातून तोरणा आठवडा-आठवडा दिसत नाही, आणि मोबाइलची रेंज त्याच्याही आधी जाते. म्हणून मी मुलांसाठी पायथनची टिपणं मराठीत लिहिली आणि पेनड्राइव्हवर वाटली. लिहिली रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, पानं बनवली स्फिंक्सने. पायथनचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन २००८ पासून, म्हणजे २.६ आवृत्तीपासून, असंच लिहिलं जातं. त्याआधी ते लाटेक्समध्ये असे. पुढे कुणी तिथल्या चुका दुरुस्त करायला गेलं तर हात बसलेला असावा, एवढाच विचार.

फाइलींच्या धड्यात मी एक चौकट टाकली होती: 'डब्ल्यू' लावून फाइल उघडली की आतला जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. चौकटीची खूण अशी की ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, मोकळी जागा, इंग्रजीत 'वॉर्निंग' आणि लगेच कोलन, दोनदा. मी एकदाच दिला. एका कोलनवर ती ओळ लेखकाची खासगी टीप ठरते, आणि तिच्याखाली आत सरकवलेला मजकूर पानावर येतच नाही. स्फिंक्स एका शब्दाने तक्रार करत नाही.

भोरकडच्या एका मुलाने नवी नोंद वाढवायला म्हणून वडिलांच्या दुधाच्या हिशोबाची फाइल 'डब्ल्यू' लावून उघडली. तीन महिन्यांचा हिशोब गेला. "सर, असं होतं हे तुम्ही लिहिलंच नव्हतं," तो म्हणाला. मी तावातावाने माझी फाइल उघडली. माझ्या फाइलीत होतं. त्याच्या पानावर नव्हतं.

खरी घोडचूक त्या रात्रीची. सगळ्या धड्यांत एका झटक्यात 'शोधा आणि बदला' चालवलं: 'वॉर्निंग'पुढच्या एका कोलनचे दोन करा. जिथे आधीच दोन होते तिथे तीन झाले, आणि तीन कोलनवालीही खासगी टीपच ठरते. म्हणजे एक चौकट परत आली आणि धड असलेल्या सगळ्या गेल्या. तेव्हापासून मी दुरुस्ती एका वेळी एकाच प्रकारची करतो, आणि बदललेली प्रत्येक ओळ जुनीशेजारी ठेवून वाचतो. पायथनच्या मूळ डॉक्युमेंटेशनला दुरुस्ती पाठवतानाही हेच करा. चाळीस फाइलींचा गठ्ठा तपासणाऱ्याच्या डोक्यावर आदळू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, इंग्रजीवाल्यांना तो फारसा लागत नाही. कोडमधला शब्द दुहेरी बॅकटिकमध्ये ठेवायचा असतो, आणि बंद होणाऱ्या बॅकटिकनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह लागतं. आपण मात्र विभक्तीचा प्रत्यय चिकटवतो: ``प्रिंट``ला. खूण बंदच होत नाही. त्याच परिच्छेदात पुढे ``इनपुट`` नीट लिहिलेलं असेल तर मधलं सगळं वाक्य कोड होऊन बसतं, तेही बिनतक्रार. उपाय म्हणजे प्रत्ययाआधी उलटी तिरकी रेघ आणि एक जागा: ``प्रिंट``\ ला. पानावर ती जागा दिसत नाही, प्रत्यय शब्दाला चिकटूनच येतो. मार्कडाउनची सवय असलेले एकेरी बॅकटिक देतात, त्याचा अर्थ इथे वेगळा.

स्फिंक्स-लिंट नावाचं छोटं साधन आहे. एका कोलनसारख्या, स्फिंक्स गिळून टाकतं अशा चुका ते पकडतं. ते चालवाच, पण त्यानंतर तयार झालेलं पान उघडून वाचा, मूळ फाइल नव्हे. मूळ फाइलीत आपल्याला आपल्या मनातलंच दिसतं. मी तर आता आधी चौकटी मोजतो: फाइलीत सात, तर पानावर सात.

दुधाचा हिशोब डेअरीच्या कार्डावरून पुन्हा भरायला आम्हा दोघांना दोन संध्याकाळी लागल्या. या खेपेला फाइल त्याने 'ए' लावून उघडली, आणि त्याआधी तिची एक प्रत माझ्या पेनड्राइव्हवर टाकली.