आठवण आणि स्मृती

श्रीमद्भगवद्गीतेचा पहिला अध्याय ही केवळ युद्धाची प्रस्तावना आहे, अशा समजुतीने नित्यपाठात तो लवकर आटोपून दुसऱ्या अध्यायाकडे वळणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः अर्जुनाचा विषाद ज्या क्षणी सुरू होतो, तो क्षण थांबून पाहण्याजोगा आहे. रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहतो. समोर कवचे घातलेले, शस्त्रे उगारलेले योद्धे आहेत. परंतु अर्जुनाच्या दृष्टीस योद्धे पडतच नाहीत. त्याला वडीलधारे दिसतात, आजे दिसतात, आचार्य, मामे, भाऊ, पुत्र-पौत्र, सवंगडी आणि सासरे दिसतात (१.२६-२७). म्हणजे डोळ्यांसमोर वर्तमानकाळ उभा असता त्याचे मन भूतकाळ पाहत होते. भीष्मपर्वात पुढे अर्जुन स्वतःच बोलून दाखवतो की, लहानपणी धुळीने माखलेल्या अंगाने तो पितामहांच्या मांडीवर चढत असे आणि त्यांनाच 'तात' म्हणून हाक मारीत असे. त्या मांडीची आठवण ज्याच्या हातात शिरली, त्याच्या हातून गांडीव गळून पडावे यात नवल ते काय?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अर्जुनाची भावना क्षुद्र नव्हती. भीष्म आणि द्रोण हे पूजेस योग्य, त्यांच्यावर बाण कसे टाकावेत, असे तो विचारतो (२.४). यात कृतज्ञता आहे, गुरुभक्ती आहे, कुळाच्या परंपरेविषयीचा आदरही आहे. गतकाळाची ओढ ही बहुधा दुर्गुणातून उपजत नाही, ती प्रेमातून उपजते. म्हणूनच तिच्याविषयी सावध राहणे कठीण जाते. कामक्रोधांना शत्रू म्हणून ओळखणारा साधकसुद्धा जुन्या दिवसांच्या आठवणीत घटकाच्या घटका रमतो, आणि त्यात काही अपाय आहे असे त्याला वाटत नाही.

मग गीता आठवणीच्या विरुद्ध आहे काय? मुळीच नाही. विषयांच्या चिंतनापासून सर्वनाशापर्यंतची जी पायऱ्यांची उतरण दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे (२.६२-६३), तीत बुद्धीचा नाश होण्याच्या आधी स्मृतीचा भ्रंश होतो. जिच्या जाण्याने बुद्धी जाते, ती स्मृती तुच्छ असणे शक्य नाही. दहाव्या अध्यायात तर भगवंतांनी स्त्रीवाचक विभूती मोजताना कीर्ती आणि श्री यांच्या मागोमाग वाणी आणि स्मृती यांची नावे घेतली आहेत (१०.३४). भाषा आणि स्मृती एकमेकींच्या शेजारी बसवल्या आहेत, हे सहज घडले असेल असे मानवत नाही. जिला शब्द मिळाला नाही अशी स्मृती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचत नाही, आणि जिच्यात स्मृती उरली नाही अशी वाणी नुसता व्यवहार होऊन बसते.

तेव्हा एक आठवण मनुष्याला खाली बसवते आणि दुसरी त्याला उभे करते. सोयीसाठी पहिलीला आठवण आणि दुसरीला स्मृती म्हणावे. (कोशात हे दोन शब्द समानार्थीच आहेत, भेद केला आहे तो विवेचनापुरता.) दोहींची पारख कशी करावी, याचे उत्तर आठव्या अध्यायात आहे. सर्व काळ माझे स्मरण कर आणि युद्धही कर, अशी दुहेरी आज्ञा भगवान एकाच श्लोकात देतात (८.७). स्मरण आणि कर्म यांना तेथे वेगळे केलेले नाही. जी आठवण हातातले काम गाळून टाकते ती मोहाच्या घरची. जी हाताला काम देते ती स्मृती.

या तत्त्वाचे एक उदाहरण फार दूरचे नाही. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे या गावी झाला. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्यास राहू लागले. गुजरातेत राहणारे हे मराठी घर. घरातील मातोश्री रुक्मिणीबाई भाविक होत्या. परंतु त्यांची भाविकता अर्थावाचून समाधान मानणारी नव्हती. बडोद्यात गीतेवर प्रवचने चालली असता त्या ऐकावयास गेल्या, आणि संस्कृत श्लोक समजत नाहीत असे त्यांनी मुलाला सांगितले. मुलाने एक मराठी पद्य भाषांतर आणून दिले. तेही त्यांना कठीण वाटले. तेव्हा, मग तूच का करीत नाहीस, असे त्या माउलीने विचारले.

१९१६ साली विनोबांनी घर सोडले. १९१८ च्या ऑक्टोबरात मातोश्री निवर्तल्या. आईने मागितलेली वस्तू आईला देता आली नाही.

असा प्रसंग ज्याच्या वाट्याला आला नाही असा गृहस्थ विरळा. आईने काहीतरी साधेसे मागितले होते, ते राहून गेले. आता देण्याची इच्छा आहे, सामर्थ्यही आहे, घेणारी मात्र नाही. या ठिकाणी पुष्कळांची आठवण कायमची बसून राहते. मातेची स्मृतिचिन्हे विनोबांपाशीही होती. आईचे एक लुगडे त्यांनी कित्येक वर्षे जवळ ठेवले होते व झोपताना ते उशाशी घेत असत. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर ते वस्त्र त्या व्रतात बसेना. तेव्हा त्यांनी ते साबरमतीच्या प्रवाहात सोडून दिले. हे कठोर वाटेल. परंतु लुगडे नदीत गेले तरी आईची मागणी गेली नाही. ७ ऑक्टोबर १९३० रोजी, म्हणजे मातेच्या निधनानंतर सुमारे बारा वर्षांनी, त्यांनी वर्ध्यास गीतेचे समश्लोकी मराठी रूपांतर करण्यास आरंभ केला आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ते पुरे केले. 'गीताई' या नावातच गीता आणि आई एकत्र आल्या आहेत. १९३२ साली ती प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सहबंद्यांपुढे गीतेवर जी प्रवचने केली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली.

आईने दिलेले संस्कार कोणत्या जातीचे होते, हेही पाहिले पाहिजे. रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला लाख तांदूळ वाहण्याचे व्रत धरले होते आणि त्या रोज एकेक दाणा मोजून वाहत. वडील हिशेबी, ते म्हणाले की, एका तोळ्यात किती दाणे बसतात ते काढावे आणि त्या मानाने लाखाचे वजन करून टाकावे, म्हणजे मोजण्याचा खटाटोप वाचेल. मातोश्रींना याचे उत्तर सुचेना, म्हणून त्यांनी मुलाला विचारले. मुलाने सांगितले की, हे नुसते गणित नव्हे. दाण्यादाण्यागणिक मन ईश्वराकडे लागते, हा त्यातला लाभ आहे. गीतेचे सातशे श्लोक एकेक करून मराठीत आणणाऱ्याला मोजण्याचे हे शिक्षण कोठे मिळाले असेल, हे निराळे सांगण्याचे कारण नाही.

आता कृतज्ञतेचा विचार. देवांनी दिलेले भोग त्यांना काही परत न देता जो उपभोगतो, त्याला तिसऱ्या अध्यायात सरळ चोर म्हटले आहे (३.१२). शब्द कडक आहे. उपकारांविषयी गोड बोलणे आणि ऋण फेडणे, यांत गीता घोटाळा होऊ देत नाही. पण ज्यांचे ऋण आहे ते हयातच नसले तर काय करावे? याचा उलगडा सतराव्या अध्यायात होतो. ज्याच्याकडून परतफेडीची अपेक्षा नाही अशाला, योग्य देशी, योग्य काळी, पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, उपकाराच्या मोबदल्यासाठी दिलेले राजस (१७.२०-२१). मातृऋण मातेलाच फेडता आले असते तर तो कदाचित देवाणघेवाणीचा व्यवहार ठरला असता. ते फेडले गेले ते ज्यांना संस्कृत येत नाही अशा असंख्य अनोळखी माता-भगिनींना. त्यांच्यापैकी कोणीही विनोबांचे काही देणे लागत नव्हती.

शाश्वत मूल्ये म्हणून जी म्हणतात, ती याच रीतीने टिकतात. चौथ्या अध्यायाच्या आरंभी भगवान सांगतात की, हा योग परंपरेने चालत आलेला होता, परंतु दीर्घ काळाच्या ओघात तो नष्ट झाला, आणि तोच पुरातन योग आज तुला सांगितला (४.१-३). सनातन वस्तूसुद्धा लोप पावते, हे खुद्द भगवंतांच्याच मुखातून आले आहे. ती पुन्हा जिवंत होते ती जपून ठेवल्याने नव्हे. कोणीतरी समोरच्याला समजेल असे पुन्हा सांगितले म्हणजे ती जिवंत होते. श्रीज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे हेच केले. पुढे तीन शतके लोटली, हस्तलिखितांच्या नकला होता होता पाठ बिघडत गेले. तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती जमवून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. नाथ स्वतः समर्थ ग्रंथकार होते. तरी दुसऱ्याच्या ग्रंथातील एकेक अक्षर तपासण्यात त्यांनी आपला काळ घातला. पूर्वसूरींचा गौरव करणारे प्रत्येक युगात पुष्कळ असतात. त्यांच्या पोथ्या दुरुस्त करावयास बसणारा क्वचितच निघतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, तंजावर, हैदराबाद, काशी अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत, आणि आता समुद्रापलीकडील घरांतही, एक खंत वारंवार ऐकू येते. नातवंडांना मराठी येत नाही. आजीच्या ओव्या, पहाटेची भूपाळी, दिवेलागणीची शुभंकरोती, सारे संपले. ही खंत खरी आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नाही. तरी तीही वर सांगितलेल्या कसोटीला लावून पाहावी. अशा कित्येक घरांत मातृभाषा उरते ती जेवावयास बोलावण्यापुरती आणि रागे भरण्यापुरती; विचार करण्याची, शंका विचारण्याची, काही सुंदर सांगण्याची भाषा निराळीच झालेली असते. मुलाने त्या भाषेवर प्रेम करावे तरी कशासाठी? वाणीचे तप सांगताना गीतेने उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे व त्यासोबत स्वाध्यायाचा अभ्यास, असे लक्षण दिले आहे (१७.१५). ज्या घरात मराठीतून रोज चार वाक्ये तरी या लक्षणाला उतरतील अशी बोलली जातात, तेथे भाषेचे रक्षण करण्यासाठी निराळी सभा भरवावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. ती भाषाभिमान्यांना कदाचित रुचणार नाही. रुक्मिणीबाईंनी मराठी गीता मागितली ती मराठीच्या अभिमानाने नव्हे. त्यांना गीता समजावयास हवी होती म्हणून. ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांचीही गरज तीच होती. मग चेन्नईत वाढणाऱ्या नातवाला तमिळ अधिक समजत असेल, किंवा परदेशात जन्मलेल्या नातीला इंग्रजीच समजत असेल, तर गीतेतील अर्थ प्रथम त्यांना समजेल त्या भाषेत सांगणे, हाच ज्ञानदेवांच्या परंपरेचा मान राखणे होय. ज्या आजोबांना ती भाषा येत नाही त्यांनी ती शिकावी. साठाव्या वर्षी नवी लिपी गिरवण्यात कमीपणा नाही. दाणे मोजणाऱ्याला लाखाचे भय वाटत नाही. एकदा गोडी लागली म्हणजे तीच मुले मूळ शब्द विचारू लागतात. मग ओवी म्हणून दाखवावी, तिचा ठेका ऐकवावा, त्यातील एखादा जुना शब्द उलगडून द्यावा. क्रम उलटा केला, अर्थाच्या आधी अभिमान शिकवला, की मुले दोन्ही सोडून देतात.

अठराव्या अध्यायाच्या अखेरीस अर्जुन म्हणतो की, मोह गेला आणि स्मृती परत मिळाली (१८.७३). भीष्म समोरच उभे आहेत. बालपणीची मांडीही तो विसरलेला नाही. पण आता त्याच्या हातात धनुष्य आहे. त्यानंतर संजयाचे शब्द येतात. महाभारताच्या कथेप्रमाणे संजय रणांगणावरून धृतराष्ट्राकडे आला, तेव्हा दहा दिवसांचे युद्ध होऊन गेले होते आणि पितामह शरपंजरी पडले होते. म्हणजे गीता ज्या रूपाने जगाला मिळाली, ती संजयाने आठवून सांगितलेली आहे. तो संवाद आणि ते रूप पुन्हा पुन्हा आठवून त्याला पुन्हा पुन्हा हर्ष होतो, असे तो दोन श्लोकांत सांगतो (१८.७६-७७). ऐकणारा राजा अंध होता, पुत्रमोहाने ग्रासलेला होता. सातशे श्लोकांपैकी धृतराष्ट्राच्या तोंडी एकच श्लोक आहे, तो पहिला. एवढे सारे ऐकून त्याने हुंकार दिल्याचाही उल्लेख गीतेत नाही. संजय मात्र शेवटच्या श्लोकापर्यंत सांगत राहतो.