खेळाडूंची बोली, अदलाबदल आणि ड्राफ्ट : वाद घालू या, पण मुद्द्यानं



सामने सुरू असतात तेव्हा आपण टीव्हीसमोर असतो. मोसम संपला की खरी चर्चा सुरू होते. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणावर किती पैसे लावले, यावर चहाच्या टपरीवर, एसटीत, शाळेच्या मधल्या सुटीत वाद रंगतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावातही हे चालतंच. आयपीएलची बोली लागते तेव्हा धानाची मळणी आटोपत आलेली असते, आणि घरोघरी एकच विषय असतो : "भाऊ, एवढा पैसा ओतला, अन् मिळालं काय?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्यात गणित आहे, अर्थशास्त्र आहे आणि विचार करण्याची एक शिस्तही आहे. आज आपण ती समजून घेऊ. आधी हे व्यवहार कसे होतात ते पाहू, मग त्यावर मुद्देसूद वाद कसा घालायचा ते शिकू.

१. संघ बांधण्याच्या तीन पद्धती

लिलाव. हा आपल्या ओळखीचा. प्रत्येक खेळाडूची एक मूळ किंमत ठरलेली असते. धानाला सरकार आधारभूत किंमत जाहीर करतं, तो शब्द तुम्ही घरी ऐकलाच असेल. इथे फरक एवढाच, की मूळ किमतीला कोणी घेईलच अशी हमी नाही. बोली तिथून सुरू होते आणि वर चढते. कोणीच हात वर केला नाही तर खेळाडू न विकलेला राहतो. आयपीएलचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. त्यात सर्वाधिक, म्हणजे १५ लाख डॉलरची बोली महेंद्रसिंग धोनीवर चेन्नईने लावली.

अदलाबदल. यात दोन संघ आपसात व्यवहार करतात. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू, नाहीतर खेळाडूच्या बदल्यात रोख रक्कम. २००९ मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरूकडून मुंबईकडे आला आणि रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळूरूकडे गेला. आयपीएलमध्ये अशा व्यवहाराला खेळाडूची संमती लागते.

ड्राफ्ट. हा शब्द नवा वाटेल, पण तुम्ही सगळे ड्राफ्ट करता बरं का! मैदानावर दोन कप्तान उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक गडी निवडतात. तोच ड्राफ्ट. इथे बोली नसते, पाळी असते. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये (तिथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ) ही पद्धत १९३६ पासून आहे. श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू उचलायचे आणि दुबळे संघ दुबळेच राहायचे. म्हणून फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलं, की जो संघ शेवटच्या क्रमांकावर असेल त्याला पहिली निवड मिळावी. गंमत म्हणजे तिथे ही पाळीसुद्धा विकता-बदलता येते. "तुमचा खेळाडू द्या, पुढच्या वर्षीची आमची पहिली पाळी घ्या," असे सौदे होतात. त्यामुळे तिथले चाहते अजून न आलेल्या खेळाडूंवरही वाद घालतात!

भारतात इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेत २०१७ साली मुंबईत ड्राफ्ट झाला होता. त्यात पहिली निवड जमशेदपूर संघाची होती आणि त्यांनी अनस एडाथोडिका या बचावपटूला घेतलं.

२. थैलीचं गणित

लिलावात संघाला हवा तेवढा खर्च करता येत नाही. थैली ठरलेली असते. वादात बहुतेक जण नेमकं हेच विसरतात.

प्रो कबड्डी लीगचं उदाहरण घेऊ. कबड्डी आपल्या मातीतली. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत गावोगावी सामने होतात, तेव्हा चढाई आणि पकड तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाख रुपये लावले. संघाची एकूण थैली होती ५ कोटी. वहीत मांडून बघा :

५ कोटी − २ कोटी ६०.५ लाख = २ कोटी ३९.५ लाख.

संघात किमान १८ खेळाडू लागतात. म्हणजे उरलेल्या रकमेत आणखी निदान १७ जण. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला सरासरी १४ लाखांच्या आसपास येतात. निकाल काय लागला? पवन आघाडीच्या चढाईपटूंमध्ये राहिला, पण टायटन्सने २२ पैकी फक्त २ सामने जिंकले आणि ते तळाला राहिले.

आता कोणी म्हणेल, "पवन महागात पडला." हे वाक्य अर्धवट आहे. प्रश्न पवनचा नाही, त्या पैशात आणखी काय घेता आलं असतं याचा आहे. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. एक गोष्ट निवडताना जी दुसरी सोडावी लागते, ती तिची खरी किंमत. घरात ट्रॅक्टरचा हप्ता भरला आणि विहिरीची मोटर पुढच्या वर्षावर ढकलली, तर ती मोटर म्हणजे ट्रॅक्टरचा संधी-खर्च.

३. कारण एकच नसतं

"महागडा खेळाडू घेतला की संघ बुडतो" असा नियम काढायचा का? थांबा. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख लावले. आदल्या मोसमात पलटण अंतिम फेरीत हरली होती. त्यांचा कर्णधार होता फझल अत्राचली, तोही इराणचा, तोही डाव्या कोपऱ्याचा बचावपटू. फझल १ कोटी ६० लाखांना गुजरातकडे गेला आणि त्याच जागी पुण्याने शादलूला आणलं. पुण्याच्या चाहत्यांनी तेव्हा डोक्याला हात लावला असेल तर नवल नाही! पण १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणाला २८–२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

मग टायटन्स आणि पलटण यांत फरक कुठे होता? पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे चढाईपटू आधीच तयार होते. त्यांना एकाच जागेसाठी माणूस हवा होता, तो त्यांनी घेतला. म्हणून "किती रुपयांना घेतला?" याच्याआधी "कोणत्या गरजेसाठी घेतला?" हे विचारायचं.

गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या मोसमात शादलू २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता झाला. पलटण मात्र पहिल्या सहांतही आली नाही. झालं, सगळे म्हणू लागतात, "पाहा, शादलूला सोडलं म्हणून पुणं बुडलं!" पण त्याच मोसमात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार जखमी होऊन बाहेर बसला होता. मग खरं कारण कोणतं? कदाचित दोन्ही, कदाचित आणखी काही. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असं नसतं. विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकतो.

४. निर्णय आणि निकाल वेगळे ठेवा

२००८ साली आयपीएलमध्ये १९ वर्षांखालील खेळाडूंचा छोटासा ड्राफ्ट झाला होता. दिल्लीने आपल्याच शहराच्या विराट कोहलीला सोडून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला. कोहली बंगळूरूला गेला. आज कोणीही हसतं, "काय ही निवड!" पण तेव्हा दिल्लीकडे सेहवाग आणि गंभीर होते, फलंदाजीची चिंता नव्हती. त्या दिवशी जी माहिती हातात होती तिच्यावरून बघितलं तर ही निवड वेडेपणाची नव्हती.

असंच अमेरिकेत झालं. २००० सालच्या ड्राफ्टमध्ये टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने सात वेळा तिथलं सर्वोच्च विजेतेपद मिळवलं. त्याच्याआधी १९८ निवडी झाल्या, आणि त्या करणारे सगळे आपापल्या परीने जाणकारच होते.

रोवणीच्या वेळी शेतकरी हाताशी असलेल्या माहितीवर निर्णय घेतो. पुढे पाऊस दडी मारतो तेव्हा "धान लावलाच कशाला?" असं विचारणं सोपं असतं. निर्णय चुकीचा होता की नशीब फिरलं, हे वेगळं करता आलं पाहिजे.

५. किंमत बोलीची, माणसाची नव्हे

आता सगळ्यात महत्त्वाचं. "बैलबाजारासारखी माणसं विकतात" असं काही जण म्हणतात. खरं तर लिलावात माणूस विकला जात नाही. ठरावीक काळ एका संघाकडून खेळण्याचा करार होतो, आणि खेळाडू स्वतः नाव देतो. पण आपण बोलताना मात्र त्याला बाजारातली वस्तू करून टाकतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला. पुढच्याच महिन्यात रोहित शर्माच्या जागी त्याला कर्णधार केलं. व्यवहार दोन संघांनी केला, कर्णधार व्यवस्थापनाने बदलला. हुर्यो मात्र हार्दिकला मिळाली, तीही आपल्याच वानखेडे मैदानावर. मुंबईने १४ पैकी ४ सामने जिंकले आणि संघ शेवटचा आला. त्यानंतर २९ जून २०२४ रोजी टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचं षटक हार्दिकनेच टाकलं आणि भारत ७ धावांनी जिंकला. काही दिवसांत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच होता, मैदानही तेच होतं. बदलला होता फक्त निकाल.

आपल्या विदर्भाचंच बघा. अमरावतीचा जितेश शर्मा २०२२ मध्ये २० लाखांना पंजाबकडे गेला. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात त्याच्यावर बंगळूरूने ११ कोटी लावले आणि २०२५ मध्ये तो विजेत्या संघात होता. त्याच लिलावात खापरखेड्याचा उमेश यादव, भारताकडून ५७ कसोटी खेळलेला गोलंदाज, न विकलेला राहिला. मग उमेशची लायकी शून्य झाली का? मुळीच नाही. त्या दिवशी, त्या संघांना, त्या किमतीला त्याची गरज नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. उद्या तुमच्यापैकी कोणी तालुक्याच्या संघात निवडला जाईल, कोणी राहून जाईल. पोलीस भरतीत कोणाचं नाव यादीत येईल, कोणाचं येणार नाही. यादी एका दिवसाची गरज सांगते, आयुष्यभराची लायकी नाही.

६. वाद घालताना हे पाच प्रश्न विचारा

१. संघाला कोणत्या जागेसाठी माणूस हवा होता?
२. थैलीत किती होते आणि नंतर किती उरले?
३. निर्णयाच्या दिवशी कोणती माहिती हातात होती?
४. हरण्या-जिंकण्याची दुसरी कारणं कोणती?
५. मी व्यवहारावर बोलतोय की माणसावर?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर "माणसावर" असेल, तर थोडं थांबा आणि वाक्य बदला.

स्वाध्याय

१. लिलाव आणि ड्राफ्ट यांतील दोन फरक लिहा. दुबळ्या संघाला कोणती पद्धत जास्त न्याय देते? कारण सांगा. खेळाडूला आपला संघ निवडता येतो का, याचाही विचार करा.
२. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक गटाला १०० गुणांची थैली द्या. शाळेच्या कबड्डी संघासाठी सात जागांची यादी करा आणि प्रत्येक जागेसाठी कमाल किती गुण लावाल ते बोलीआधीच लिहून ठेवा. बोलीसाठी वर्गमित्रांची नावं वापरू नका, "डावा कोपरा", "मुख्य चढाईपटू" अशा भूमिकांवरच बोली लावा. शेवटी लिहिलेले आणि प्रत्यक्ष लावलेले गुण ताडून पाहा.
३. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतलं. तो पहिल्याच सामन्यात जखमी होऊन मोसमाबाहेर गेला, तरी संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. यावरून "पवनची गरजच नव्हती" असं म्हणता येईल का? दहा ओळींत बाजू मांडा. मग वही शेजारच्याला द्या आणि त्याला उलट बाजू लिहायला सांगा.