हायड्रॉलिक नळ्यांची स्वच्छता व निगा

उन्हाळी नांगरटीचे दिवस मोजकेच असतात. अशा वेळी शेताच्या टोकाशी आलेला पल्टी नांगर उलटविण्यासाठी चालकाने खटका ओढावा आणि नांगर उलटण्याऐवजी नळीतून तेलाचा फवारा उडावा, हा प्रसंग आता गावोगावी परिचयाचा झाला आहे. एक नळी फुटली की ट्रॅक्टर, चालक व दिवस ही तिन्ही एकदमच अडून बसतात. नळीच वाईट निघाली, असे मग सामान्यतः म्हटले जाते. वास्तविक बहुतेक नळ्या एका दिवसात फुटत नाहीत. धूळ, पीळ, घासणी व ऊन यांनी त्या कित्येक महिने आतून-बाहेरून झिजत आलेल्या असतात. त्यांची निगा राखण्यास विशेष खर्च येत नाही. एक स्वच्छ फडके, दोन पाने व रोजची पाच मिनिटे एवढे पुरेसे होते.

नळीतील तेलाचे कार्य

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब त्याच्या सर्व भागांत सारखाच पसरतो, हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याने सतराव्या शतकात सांगितला. याच नियमावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट १७९५ साली जोसेफ ब्रामा याने इंग्लंडात घेतले. पुढे १९३० नंतरच्या दशकात हॅरी फर्ग्युसन याच्या प्रयत्नांनी ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट प्रचारात आली. आज पल्टी नांगर, उपडी होणारी ट्रॉली, ऊसतोडणी यंत्र आणि शेततळी व बांधबंदिस्तीसाठी येणारे खोदाई यंत्र ही सर्व तेलाच्या दाबावरच काम करतात.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेत हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारणपणे १५० ते २०० किलो असतो. खोदाई यंत्रात तो याहूनही अधिक असतो. दाब १८० किलो धरल्यास २० चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या दट्ट्यावर ३,६०० किलोचा जोर येतो. भरलेली ट्रॉली उचलली जाते ती या जोरामुळे. नळीला छिद्र पडल्यास बाहेर येणाऱ्या तेलामागेही हाच दाब असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही.

नळीची घडण

नळीला तीन थर असतात. आतला थर तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा असतो. मधला थर पोलादी तारेच्या विणीचा असून दाबाचा सारा भार तो सोसतो. बाहेरचे रबर हे केवळ या तारेचे पांघरूण होय. हे पांघरूण घासून गेले की तारेला पाणी लागते, ती गंजते आणि नळीचे बळ संपते. म्हणून तार उघडी पडलेली नळी तेल गळत नसली तरी निकामी समजावी.

धूळ हा मुख्य शत्रू

पंप व व्हॉल्व्ह यांच्या फिरत्या भागांमधील फट काही मायक्रॉनांचीच असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो आणि साधारण ४० मायक्रॉनांहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. यावरून, जी धूळ दिसत नाही तीच पंपाचा घास घेते, हे कळून येईल. तेलाबरोबर फिरणारे हे कण कानशीप्रमाणे धातू घासतात. निघालेला चुरा पुन्हा तेलात मिसळतो व झीज वाढतच जाते. अनेक ट्रॅक्टरांत लिफ्टचे व गिअरपेटीचे तेल एकच असल्यामुळे ही हानी गिअरपेटीपर्यंत पोहोचते.

धूळ आत शिरण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. त्या बंद करण्यासाठी पुढीलप्रमाणे काळजी घ्यावी.

१. नांगर किंवा ट्रॉली जोडताना व सोडताना नळीचे टोक आणि ट्रॅक्टरवरील कपलर ही दोन्ही स्वच्छ फडक्याने पुसावीत. फडके सुती, धुतलेले व सूत न सुटणारे असावे. सुताचे वेस्ट वापरू नये, कारण त्याचे धागे आत जातात.

२. सोडलेल्या नळीचे टोक मातीत लोळू देऊ नये. टोपण लावून नळी अवजारावरील कडीत अडकवावी. टोपण हरवले असल्यास स्वच्छ प्लास्टिकची पिशवी टोकावर घट्ट बांधावी.

३. तेल भरण्यापूर्वी टाकीच्या तोंडाभोवतीची माती झाडून पुसून काढावी. भांडे व गाळणी फक्त तेलासाठीच राखून ठेवावी. तेल उत्पादकाने नेमून दिलेले असावे. तेल व फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलावेत.

४. दुकानातून कापून आणलेल्या नव्या नळीतही रबराचा व तारेचा चुरा असतो. टोके दाबून बसविण्यापूर्वी ती आतून साफ करून देण्यास दुकानदारास सांगावे.

५. मागून आणलेल्या अथवा भाड्याच्या ट्रॉलीत दुसऱ्या ट्रॅक्टरचे तेल शिल्लक असते. ते आपल्या यंत्रणेत येते व येताना तिकडील घाणही आणते. अशा अवजाराची टोके अधिक काळजीने पुसावीत, व ते नेहमी वापरात असल्यास तेलाची तपासणी लवकर करावी.

नळ्या बाहेरून धुताना साबणाचे पाणी वापरावे. रॉकेल, पेट्रोल किंवा डिझेलने रबर फुगते व मऊ पडते. जोराच्या पाण्याचा झोत सांध्यांवर मारू नये.

नळी बसविताना

नळीवर लांबीभर एक छापील रेघ असते. नळी बसविल्यावर ही रेघ सरळ दिसली पाहिजे. ती मळसूत्राप्रमाणे फिरलेली दिसल्यास नळीस पीळ पडला आहे असे समजावे. पीळ पडू नये म्हणून एका पान्याने नळीचे टोक धरावे व दुसऱ्याने नट आवळावा. दाब येताच नळीची लांबी किंचित कमी-अधिक होते, यास्तव ती ताणून न बसविता थोडी सैल ठेवावी. सांध्याला लागूनच तीव्र बाक देऊ नये. नळी लोखंडाच्या कडेवर, चाकावर किंवा सायलेन्सरजवळ येत असल्यास क्लिपने बाजूस बांधावी. नवी नळी जुन्या नळीच्याच मापाची व तितक्याच दाबाची असावी. केवळ जाडी जुळली म्हणून ती चालेल असे नाही.

रोजची पाहणी

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी नळ्यांवरून नजर फिरवावी. चिरा, फुगवटा, उघडी तार, कडकपणा अथवा सांध्यापाशी धुळीचा ओला थर दिसल्यास नळी बदलावी. सांधा नुसता सैल असेल, तर दाब उतरवून तो आवळावा. थेंबाथेंबाने होणारी गळती क्षुल्लक मानली जाते, पण तिचा हिशेब करून पाहावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब गळाल्यास १० तासांत ३६,००० थेंब, म्हणजे सुमारे १.८ लिटर तेल मातीत जाते.

फुटलेल्या नळीवर ट्यूबची पट्टी व तार गुंडाळण्याची रीत सर्वस्वी सोडून द्यावी. दर चौरस सेंटिमीटरला १८० किलोचा दाब पट्टीने थोपत नाही. ती फक्त पुढील फुटीची जागा झाकते.

गळती हाताने शोधू नये

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय. टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारा तेलाचा झोत पुष्कळदा दिसतही नाही. कातडी भेदण्यास दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब पुरतो. नळीवरून हात फिरविताना हे तेल बोटात शिरते. जखम काटा टोचल्याएवढी दिसते, रक्त क्वचितच येते व प्रारंभी दुखतही नाही. त्यामुळे माणूस बोट पुसून कामास लागतो. काही तासांत बोट सुजते, आतील मांस मरू लागते आणि उशीर झाल्यास बोट अथवा हात कापावा लागतो. अशा इजेची नोंद वैद्यकीय वाङ्मयात १९३७ सालापासून आहे.

असे घडल्यास हळद, मलम किंवा शेक यांत वेळ दवडू नये. वेदना नसली तरी रुग्णास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि ‘दाबाचे हायड्रॉलिक तेल कातडीत शिरले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे. गळती शोधणे भागच असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ धरावा. त्यावर उमटणारा तेलाचा डाग गळती दाखवितो.

नळी सोडण्यापूर्वी अवजार जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे व खटका दोन्ही बाजूंस हलवून दाब उतरवावा. उचललेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेका दिल्याविना कोणीही जाऊ नये. त्या क्षणी ट्रॉलीस वर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे एक रबरी नळी असते.

साठवण

हंगाम संपल्यावर अवजार छपराखाली ठेवावे. ऊन रबरास चिरा पाडते व उंदीर नळ्या कुरतडतात. नळ्या सैल वेटोळे करून, टोके झाकून टांगाव्यात. रबराला वय असते. जर्मनीतील मानकात नळीचा वापर, साठवणीचा काळ धरून, ६ वर्षांपर्यंतच करावा असा दंडक आहे. नळीवर छापलेला निर्मितीचा काळ यासाठी वहीत टिपून ठेवावा.

कार्यकर्त्यांनी करावयाचे प्रात्यक्षिक

गावातील कार्यकर्त्यांनी नांगरटीपूर्वी ट्रॅक्टरमालक व चालक यांस एकत्र बोलवावे. इंजिन बंद ठेवून, मातीत पडलेल्या एखाद्या नळीचे टोक पांढऱ्या फडक्याने पुसून ते फडके सर्वांना दाखवावे. एका जुन्या नळीचा तुकडा कापून तिचे तीन थर हातोहात फिरवावेत. पुठ्ठा कसा धरावा हेही दाखवावे. ही सभा मालकांपुरती न ठेवता चालकांना अवश्य बोलवावे. कारण नळी सोडताना व जोडताना यंत्रापाशी चालकच असतो, आणि धोक्यात असलेला हातही त्याचाच असतो.