थंडीतील ऊस रोपांना आच्छादन कोणते?



सुरू लागणीसाठी घरी एक डोळ्याची रोपे करताना डिसेंबर-जानेवारीत डोळे नुसते फुगून बसतात, आणि आपण बेण्याला दोष देतो. उसाचा डोळा 27 ते 33 अंश उष्णतेत जोमाने फुटतो. 20 अंशांच्या खाली रेंगाळतो. प्रश्न उबेचा आहे.

भरलेले ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिक कागदाने गच्च झाकावेत. येथे काळा कागदही चालतो, कारण डोळा फुटायला उजेड लागत नाही. तिसऱ्या दिवसापासून मात्र रोज उचलून बघा. कोंब दिसले की ट्रे पसरलेच पाहिजेत. आळस केला तर कोंब पिवळे, लांबट होतात.

पसरल्यावर कागद पारदर्शकच हवा. हिरवी जाळी उन्हाळ्याची. रात्रीची ऊब ती धरीत नाही. दुकानदार गेज सांगतो, कुठे मायक्रॉन लिहिलेले असते: 800 गेज म्हणजे 200 मायक्रॉन. कागद यूव्ही प्रक्रिया केलेला आहे का, हे जाडीच्या आधी विचारा. साधा कागद उन्हाने तडकतो. एकाच हंगामाचे काम असेल तर तोही पुरे. काच उत्तम खरी, पण गारा आणि पोरांचा चेंडू दोन्ही आपल्याकडे आहेत!

कागद रोपांना टेकू नये म्हणून बांबूच्या कमानी कराव्यात, कडा मातीने दाबाव्यात. ऊन चढताच दोन्ही टोके उघडावीत, नाहीतर दुपारी रोपे उकडून मरतात. ऊन कलण्याआधी परत बंद करावीत. लागणीपूर्वी आठवडाभर कागद काढून रोपे उघड्यावर ठेवावीत.